‘उत्तेजनार्थ’ला दुसरा शब्द हवा का?

प्रश्न :
आमच्या मंडळाच्या शतशब्दकथा स्पर्धेचा निकाल लागला. पहिले तीन क्रमांक आणि दोन उत्तेजनार्थ. पाचही जणींनी इतकं सुंदर लिहिलंय की निकाल वाचताना सभागृहात टाळ्या थांबत नव्हत्या. आता प्रमाणपत्रं छापायला द्यायची आहेत आणि गाडी शब्दांवर अडली आहे. समितीतली तरुण मंडळी म्हणतात, ‘उत्तेजनार्थ’ काढा, वाचताना कसंतरीच वाटतं. कुणी ‘प्रोत्साहनपर’ सुचवलं, कुणी ‘सांत्वनपर’. शिवाय बक्षीस, पारितोषिक की पुरस्कार? आणि सगळ्या बायकाच आहेत, तर ‘विजेते’ लिहिलेलं चालेल का?

प्रतिसाद :
आधी पाचही जणींचं मनःपूर्वक अभिनंदन! शंभर शब्दांत गोष्ट उभी करून ती शेवटपर्यंत पेलणं फार अवघड.

‘उत्तेजनार्थ’ कृपा करून काढू नका. मूळ धातू तिज्, म्हणजे तीक्ष्ण करणे. ‘तेज’ आणि ‘तीक्ष्ण’ त्याच घरातले. संस्कृतात ‘उत्तेजन’चा एक अर्थ धार लावणं असाच आहे. मराठीत तो हुरूप वाढवणं, पाठबळ देणं या अर्थाने रुळला. पुण्याची वसंत व्याख्यानमाला भरवणारी संस्था म्हणजे वक्तृत्वोत्तेजक सभा. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८९४ साली स्थापन झालेली महाराष्ट्र ग्रंथोत्तेजक संस्थाही आहेच. चांगलं बोलणाऱ्याला आणि चांगलं लिहिणाऱ्याला बळ मिळावं म्हणून त्या काळच्या माणसांनी हाच शब्द निवडला होता.

आता तो कानाला खटकतो, कारण क्रीडापानावर ‘उत्तेजक द्रव्य चाचणी’ वाचायची सवय झाली आणि ‘उत्तेजित’ला वेगळाच वास चिकटला. पण एका अर्थासाठी दुसरा चांगला अर्थ टाकून का द्यायचा? ‘प्रोत्साहनपर’ चालेल, चूक नाही. फक्त नुसती शाबासकीची थापसुद्धा ‘प्रोत्साहनपर’ असते. त्यात धार लावण्याची गोष्ट येत नाही.

‘सांत्वनपर’ मात्र मुळीच नको. हिंदीत ‘सांत्वना पुरस्कार’ म्हणतात, तिथे तो रुळलेला आहे. आपल्याकडे सांत्वनाला कुठे जातात? ज्या घरात माणूस गेलं त्या घरी. बक्षीस घ्यायला मंचावर आलेल्या लेखिकेच्या हातात हा शब्द ठेवायचा?

प्रतिसाद :
वरच्या मताशी पूर्ण सहमत. बाकीच्या शब्दांबद्दल थोडं. ‘बक्षीस’ फारसीतून आलेलं, मूळ अर्थ देणगी. जमिनीच्या व्यवहारातलं ‘बक्षीसपत्र’ त्यातूनच. घरगुती, आपुलकीचा शब्द. ‘पारितोषिक’ परितोषावरून, म्हणजे देणाऱ्याचं मन तृप्त झालं म्हणून दिलेलं. ‘पुरस्कार’ म्हणजे शब्दशः पुढे करणं, म्हणून एखाद्या विचाराच्या बाजूने उभं राहणाऱ्याला आपण पुरस्कर्ता म्हणतो. माझ्या मते स्पर्धेत क्रमांक काढले असतील तर ‘पारितोषिक’, आणि वर्षानुवर्षांच्या कामाबद्दल मानाने दिलं तर ‘पुरस्कार’. बोलताना खुशाल ‘बक्षीस’ म्हणा.

प्रतिसाद :
आणखी एक. प्रमाणपत्रावर चुकून ‘लघुकथा स्पर्धा’ छापू नका. हिंदीत लघुकथा म्हणजे इवलीशी गोष्ट, मराठीत लघुकथा चांगली आठ-दहा पानं चालते. शतशब्दकथाच लिहा, किंवा अलक, म्हणजे अति लघुकथा.

मूळ प्रश्नकर्ती :
सगळ्यांचे आभार! धार लावण्याचं वाचलं आणि उत्तेजनार्थ मिळालेली एक कथा आठवली. त्यातली आजी रोज संध्याकाळी वाटीभर गव्हाचा डबा घेऊन गिरणीत जाते. गिरणीवाला पट्टा थांबवून, अंगावरचं पीठ झटकत तिची चौकशी करतो. तिच्या घरी पीठ लागणारं कुणी राहिलेलं नाही. डबा आहे तो त्या चौकशीसाठी. परीक्षकांचं म्हणणं एवढंच, की हे शेवटच्या ओळीत सांगून टाकलं नसतं तरी कळलं होतं. ती ओळ काढून तेवढे शब्द गिरणीवाल्याला दिले असते तर पहिला क्रमांक पक्का होता. तिच्यासाठी ‘उत्तेजनार्थ’ हाच शब्द योग्य, आज समितीलाही हेच सांगते.

प्रतिसाद :
ही कथा वाचायला मिळायला हवी! त्या लेखिकेला माझं खास अभिनंदन कळवा.

‘विजेते’बद्दल : एक असेल तर ‘विजेती’, अनेक असतील तर ‘विजेत्या’. ‘विजेत्री’ संस्कृतात ठीक, मराठीत जड होतं. सगळ्या बायका असताना ‘विजेते’ लिहायचं कारण नाही. फलकावर ‘सर्व विजेत्यांचे हार्दिक अभिनंदन’ लिहिलंत तर तिथे रूप सारखंच होतं, काही बदलावं लागत नाही. प्रमाणपत्रावर : ‘शतशब्दकथा स्पर्धा, उत्तेजनार्थ पारितोषिक’, त्याखाली कथेचं नाव आणि मग लेखिकेचं. कथेचं नाव बहुतेक ठिकाणी राहून जातं, ते नक्की छापा.