पुण्याहून डबलसीट स्पिती: कोणत्या दिशेने जावे आणि कोणत्या तारखांना?

वळणवेडा

या उन्हाळ्यात पत्नीसह दुचाकीवरून हिमाचलमधील किन्नौर आणि स्पिती हा भाग पाहण्याचा विचार आहे. गाडी साडेतीनशे सीसीची, चार वर्षे जुनी, टाकी तेरा लिटरची आणि चाके तारांची, म्हणजे ट्यूबवाली आहेत. घाटांची सवय आहे. ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी आणि कुंभार्ली या घाटांतून आम्ही दोघांनी अनेकदा, भर पावसातही, गाडी चालवली आहे. मात्र हिमालयात दुचाकीने जाण्याची ही पहिलीच वेळ.

माझ्याकडे सोळा दिवसांची रजा आहे. २२ मे रोजी पुणे सोडायचे, चार दिवसांत मनाली गाठायची, तिथून अटल बोगद्यातून पलीकडे जाऊन कुंझुम खिंडीवाटे काझा, मग ताबो, नाको, कल्पा, सिमला असे उतरत खाली यायचे आणि पुन्हा गाडीनेच पुण्याला परतायचे, असा कच्चा आराखडा मी केला आहे. अवघड भाग सुरुवातीलाच उरकावा आणि नंतर निवांत उतरावे, असा त्यामागचा विचार. जाणकारांनी यातील चुका स्पष्टपणे दाखवाव्यात. गाडीची तयारी काय करावी, हेही कळले तर बरे होईल.

गिरकी

आपण स्पष्टपणे सांगा म्हणालात, म्हणून सांगतो. आराखड्यातील गावे योग्य आहेत, पण क्रम उलटा आहे आणि तारखा तीन आठवडे लवकरच्या आहेत.

आधी तारखांचे पाहू. कुंझुम खिंड ४,५५१ मीटर उंचीवर आहे आणि हिवाळाभर बर्फाखाली असते. सीमा रस्ते संघटना दरवर्षी बर्फ कापून रस्ता मोकळा करते, पण तो कधी मेअखेरीस खुला होतो, तर कधी जूनच्या मध्यापर्यंत थांबावे लागते. तुम्ही २६ मेला मनालीत पोहोचलात आणि खिंड बंद असली, तर तुमची सफर तिथेच संपली; कारण किन्नौरमार्गे जायचे म्हटले तर उलटे फिरून सिमल्याकडे यावे लागेल. दुसऱ्या टोकाला, हिमाचलात मोसमी पाऊस साधारणपणे जूनच्या शेवटच्या आठवड्यात दाखल होतो. स्पिती पर्जन्यछायेत असल्याने तिथे त्याचे फारसे काही वाटत नाही, परंतु किन्नौरात सतलजच्या काठाने जाणाऱ्या रस्त्यावर दरडी कोसळू लागतात. म्हणून जूनचा दुसरा आणि तिसरा आठवडा हा खरा काळ. पुण्यात पाऊस सुरू होण्याच्या सुमारास आपण निघायचे, हे आपल्याला जरा विचित्र वाटते, पण तेच सोयीचे आहे.

आता क्रमाविषयी. अवघड भाग आधी उरकण्याचा तुमचा हिशेब रस्त्याचा आहे. शरीराचा हिशेब वेगळा असतो. मनाली सुमारे २,००० मीटरवर आहे. तिथून निघून त्याच दिवशी साडेचार हजार मीटरची खिंड ओलांडायची आणि रात्री साडेतीन हजार मीटरच्याही वर असलेल्या काझ्यात झोपायचे, हे धडधाकट माणसालाही झेपेलच असे नाही. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे इथून सुरुवात होते आणि दुर्लक्ष केले तर प्रकरण गंभीर होते. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर आहे. म्हणजे सिमल्याच्या बाजारात उभे राहिलात तरी तुम्ही महाराष्ट्रातील सर्वोच्च ठिकाणाहून पाचशे मीटर वर असता. उंची आपल्या अंगवळणी पडलेली नाही, हे आधी मान्य करावे.

किन्नौरमार्गे गेल्यास हीच उंची एकेक पायरीने मिळते. सिमला २,२००, सराहन २,३००, सांगला २,७००, कल्पा २,९६०, ताबो ३,२८० आणि मग काझा. यात एक बारकावा आहे. बहुतेक जण कल्प्यानंतर नाकोला मुक्काम करतात, पण नाको ३,६०० मीटरच्या वर आहे, म्हणजे पुढच्या ताबोपेक्षा चांगलेच उंच. नाकोला जेवावे, तळे पाहावे आणि दोन तास पुढे ताबोला उतरून झोपावे. दिवसा उंच जाऊन रात्री खाली झोपण्याचे गिर्यारोहकांचे तत्त्व इथे रस्त्यानेच आयते जुळवून दिले आहे. शिवाय ताबोचा मठ इसवी सन ९९६ मधला आहे. त्याच्या मातीच्या भिंतींवरील चित्रे डोळे अंधाराला सरावल्यावर हळूहळू दिसू लागतात, त्यामुळे सकाळचा एक निवांत तास त्याच्यासाठी राखून ठेवा.

वळणांचे म्हणाल, तर तुमच्या नावाला शोभेल असा टप्पा खाबच्या पुढे आहे. स्पिती नदी सतलजला मिळते तिथला पूल ओलांडला की रस्ता उघड्याबोडक्या डोंगरावर एकावर एक वळणे घेत का नावाच्या गावाकडे चढतो. दहा मिनिटांपूर्वी ज्या पुलावरून आपण आलो तो काडेपेटीएवढा दिसू लागतो. तिथे थांबून खाली पाहा. चालवताना पाहू नका.

स्पॅनरधारी

गिरकी यांच्याशी सहमत आहे. मी फक्त गाडीबद्दल लिहितो.

पुण्याहून मनाली सुमारे दोन हजार किलोमीटर आहे. जाऊन-येऊन चार हजार, म्हणजे आठ दिवस, म्हणजे तुमची अर्धी रजा सपाट महामार्गावर आणि उत्तर भारताच्या जूनमधील उन्हात जाणार. गाडी रेल्वेने न्या. तुमचे स्वतःचे तिकीट असेल तर गाडी त्याच रेल्वेत सामान म्हणून नोंदवता येते. पार्सल म्हणून नोंदवली तर ती आधी किंवा नंतरच्या गाडीने जाऊ शकते. पुण्याहून झेलम एक्सप्रेस अंबाल्याला जाते आणि अंबाल्याहून सिमला दीडशे किलोमीटर आहे. पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, आरसी पुस्तकाची आणि ओळखपत्राची प्रत द्यावी लागते, आणि वर गोणपाट व खाली गवत लावून बांधणी करून घ्यावी लागते. आरसे स्वतःच काढून बॅगेत ठेवा. मी एकदा एका खासगी वाहतूकदाराकडून गाडी पाठवली होती. ती माझ्यानंतर दोन दिवसांनी आली, तीही एका आरशानिशी आणि वाकलेल्या क्लच लिव्हरसह. तेव्हापासून मी आरसे आणि एक जादा लिव्हर सोबतच ठेवतो.

निघण्यापूर्वी चेन आणि स्प्रॉकेटचा संच पाहून घ्या. अर्धा झिजलेला असेल तर बदला, कारण खडीच्या रस्त्यावर उरलेला अर्धा फार लवकर संपतो. ब्रेक पॅड नवे टाका आणि ब्रेक ऑइल बदला. जुन्या ऑइलमध्ये ओलावा शिरलेला असतो. लांब उतारावर सतत ब्रेक दाबला की ते तापून उकळते आणि लिव्हर एकाएकी मऊ लागू लागते. कुंभार्ली घाट तुम्ही पाऊण तासात उतरता. इथे उतार दोन-दोन तास चालतो, आणि तुम्ही डबलसीट शिवाय सामानासह असाल. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा आणि ब्रेकला अधूनमधून श्वास घेऊ द्या.

साडेचार हजार मीटरवर हवा विरळ असल्याने इंजिनाची ताकद साधारण ४० टक्क्यांनी घटते. इंजेक्शनची गाडी पेट्रोलचे प्रमाण आपोआप जुळवून घेते, पण नसलेला प्राणवायू तीही कुठून आणणार? दुसऱ्या गिअरमध्ये चढणारी गाडी पहिला गिअर मागेल, त्यात गाडी बिघडली असे समजू नका.

चाके ट्यूबची आहेत, म्हणून पुढची आणि मागची अशी एकेक जादा ट्यूब, टायर उघडायच्या तीन पट्ट्या आणि हातपंप घ्याच. मात्र त्याआधी घराच्या पार्किंगमध्ये मागचे चाक स्वतः एकदा काढून बसवा. मला पहिल्यांदा दोन तास लागले होते आणि नवी ट्यूब मी पट्टीने चिमटून फाडली होती. ते घरी घडले म्हणून बरे. क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या जादा केबली जुन्या केबलीला टेपने चिकटवूनच ठेवा, म्हणजे तुटल्यावर फक्त टोके बदलावी लागतात.

पेट्रोलची काळजी नको, पण शिस्त हवी. रेकाँग पिओच्या पायथ्याशी पोवारीला टाकी काठोकाठ भरा. पुढचा भरवशाचा पंप काझ्याला, सुमारे दोनशे किलोमीटरवर. काझा सोडतानाही टाकी भरा, कारण मनालीकडे जाताना मध्ये काहीच नाही.

मागच्या सीटवरून

वरची सर्व उत्तरे गाडी चालवणाऱ्याने चालवणाऱ्यासाठी लिहिलेली आहेत, म्हणून मी थोडी भर घालते. आम्ही दोघे याच मार्गाने गेलो होतो आणि मी पूर्ण वेळ मागे बसले होते.

चालवणाऱ्याला वळण दिसते. मागच्या व्यक्तीला समोर फक्त हेल्मेट आणि बाजूला दरी दिसते. किन्नौरात तरांडा भागात रस्ता अखंड कातळात कोरलेला आहे, डोक्यावर खडकाचे छत आणि कडेला सरळ खाली सतलज. तिथे मी डोळे मिटून घेतले आणि त्याचा परिणाम असा झाला की वळणावर अंग कधी झुकवायचे ते मला कळेना आणि गाडी डगमगू लागली. दुपारी आम्ही ठरवले की आंधळ्या वळणाआधी यांनी डावी-उजवी सांगायची आणि मी त्यांच्या खांद्यावरून त्याच बाजूला पाहायचे. इतक्याने प्रवास बदलला. हेल्मेटमध्ये बसवायचे बोलण्याचे यंत्र मिळाले तर जरूर घ्या. नाहीतर खांद्यावर थाप मारण्याच्या खुणा ठरवा. आमच्याकडे एक थाप म्हणजे ‘हळू’ आणि दोन म्हणजे ‘थांब’ असे होते.

दुसरी गोष्ट उंचीची. काझ्याला पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही उत्साहाने लांग्झा, हिक्कीम आणि कोमिक ही वरची गावे गाठली. हिक्कीमचे टपाल कार्यालय सुमारे ४,४०० मीटरवर आहे. पोस्टकार्डावर सासूबाईंचा पत्ता लिहिताना पिनकोडचे शेवटचे दोन आकडे मला आठवेनात आणि कपाळाभोवती कुणीतरी पट्टा आवळतो आहे असे वाटू लागले. आम्ही कोमिक सोडून खाली आलो आणि संध्याकाळपर्यंत बरे वाटले. खाली उतरणे हाच यावरचा खरा उपाय आहे. गोळ्या घ्यायच्या असतील तर पुण्यातच डॉक्टरांना विचारून घ्या, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर. काझ्यातला पहिला पूर्ण दिवस काहीही न करण्यासाठी ठेवा. पत्नीला आधीच सांगून ठेवा की डोके दुखू लागले तर लगेच बोलायचे आहे. आपल्यामुळे कार्यक्रम बिघडेल म्हणून बायका गप्प बसतात, मीही तासभर बसले होते.

सडाफटिंग

रेल्वेच्या सल्ल्याला माझा थोडा विरोध नोंदवतो. मी पुण्याहून थेट चालवत गेलो आहे आणि नाशिक, धुळे, इंदूर, ग्वाल्हेर असा देश हळूहळू बदलताना पाहण्याची गंमत रेल्वेच्या खिडकीतून मिळत नाही. मात्र मी एकटा होतो, रजा पंचवीस दिवसांची होती आणि पहाटे चारला निघून सकाळी अकराला थांबत होतो. सोळा दिवसांत डबलसीट हे करू नका, एवढे मान्य करतो.

कुंझुमच्या पलीकडचा बातल ते ग्रांफू हा पट्टा मात्र कुणी नीट सांगितला नाही. तो अंतराने पन्नास किलोमीटरही नाही, पण बराचसा दगडगोट्यांचा आहे आणि वाटेतले नाले बर्फाच्या पाण्याचे आहेत. सकाळी बर्फ गोठलेले असते म्हणून पाणी घोट्याएवढे. दुपारी ऊन लागले की तेच गुडघ्यापर्यंत येते. मी एकदा बातलला चहा-राजमा यात वेळ घालवून तीन वाजता छत्रूच्या अलीकडच्या नाल्यात उतरलो. पाण्याखालचे दगड कलिंगडासारखे गोल आणि गुळगुळीत होते, पुढचे चाक दोन दगडांच्या मध्ये अडकले आणि मी अर्ध्यात क्लच दाबला. तीच चूक. गाडी आडवी झाली, बुटात बर्फाचे पाणी शिरले आणि समोरून आलेल्या ट्रकच्या क्लीनरने हात दिला म्हणून ती उभी राहिली. पहिला गिअर, स्थिर ॲक्सिलरेटर, नजर पलीकडच्या काठावर, आणि मध्ये क्लचला हात नाही. मागच्या व्यक्तीने आधीच उतरून पायी पलीकडे जावे.

आणखी एक. चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची, हा नियम तिथले बसचालक पाळतात आणि तुम्हीही पाळाल अशी त्यांची अपेक्षा असते. तुम्ही उतरत असाल तर डोंगराच्या बाजूला थांबा. दरीच्या कडेची भुसभुशीत माती दिसते तेवढी भक्कम नसते.

वळणवेडा

सर्वांचे मनापासून आभार. पत्नीने सर्व उत्तरे वाचली आणि ‘मागच्या सीटवरून’ यांचे उत्तर मला मोठ्याने वाचून दाखवले. बोलण्याची यंत्रे आज मागवली आहेत.

सुधारित आराखडा असा. ११ जूनच्या संध्याकाळी गाडीसह रेल्वेने निघून १३ ला सकाळी अंबाला आणि त्याच दिवशी सिमला. १४ ला सराहन, १५ आणि १६ सांगला. त्यात एका दिवशी छितकूलला जाऊन परत, म्हणजे ३,४५० मीटरची चव घेऊन रात्री खाली. १७ कल्पा, १८ नाकोला जेवून ताबो. १९ ला ढंकर पाहून काझा आणि तिथे तीन रात्री, पैकी पहिला पूर्ण दिवस फक्त बाजारात. २२ ला पहाटे कुंझुम ओलांडून बोगद्यातून मनाली, २४ ला अंबाल्याकडे आणि २७ ला घरी.

दोन शंका उरतात. कुंझुम तोपर्यंत उघडलीच नाही तर काय करावे? आणि बोगद्यातून येताना रोहतांग खिंडीचा परवाना लागतो का?

गिरकी

परवाना लागत नाही. ग्रांफूला डावीकडे चढणारा रस्ता रोहतांगला जातो. तो सोडून खाली कोकसरकडे उतरा आणि सिस्सूच्या अलीकडेच अटल बोगद्यात शिरा. नऊ किलोमीटर झाले की मनालीच्या बाजूला बाहेर पडाल.

खिंडीचा निर्णय पुण्यात करू नका. काझ्यात २१ च्या संध्याकाळी मनालीहून आलेल्या टॅक्सीचालकांना विचारा. त्या दिवशी नाल्यांत किती पाणी होते ते त्यांच्याइतके कुणालाच माहीत नसते. ते नको म्हणाले तर आलेल्या वाटेनेच किन्नौरमार्गे तीन दिवसांत सिमल्याला परता. त्यासाठी मनालीचा जादा दिवस तुमच्या आराखड्यात आहेच, म्हणून मनालीच्या हॉटेलचे पैसे आधी भरू नका. ते हो म्हणाले तर टाकी आदल्या रात्रीच भरून ठेवा आणि साडेपाचला निघा. लोसरला चहा मिळेल, आणि बातलचा राजमा मात्र नऊच्या आत खाऊन उठा.