तिसरीतल्या मुलाचे वाचन अडखळते. घरी, कमी खर्चात काय करता येईल?

प्रश्न (एक आई, इचलकरंजी)

माझा मुलगा मराठी माध्यमाच्या शाळेत तिसरीत शिकतो. ऐकलेली गोष्ट तो जशीच्या तशी परत सांगतो, पाढेही त्याला पाठ आहेत. परंतु पुस्तक समोर ठेवले की 'घर'चे 'धर' करतो, जोडाक्षरापाशी थांबतो आणि मग चित्राकडे पाहून अंदाजाने वाक्य पुरे करतो. परवा 'मुलगी दुकानात गेली' हे वाक्य त्याने 'मुलगी बाजारात गेली' असे वाचले. मी हटकल्यावर पुस्तक मिटून उठूनच गेला. त्याचे वडील यंत्रमागावर पाळीने काम करतात आणि मी घरी शिवणकाम करते. शिकवणी परवडणारी नाही. महिन्याला फार तर दोनशे रुपये बाजूला काढता येतील. रोज रात्री अर्धा तास मी त्याला धडा वाचायला बसवते, पण त्यातून रडारडच होते. सुरुवात कुठून करावी?

उत्तर (निवृत्त प्राथमिक शिक्षिका)

ताई, तिसरीचा धडा काही आठवडे बाजूला ठेवावा. ज्या पायरीवर मूल अडले आहे, तिच्या खालून सुरुवात करावी लागते. शालेय मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर' या देशव्यापी सर्वेक्षणाच्या चाचणीत अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असा क्रम असतो. तसेच तुम्हीही पाहा. बाराखडी मात्र ओळीने म्हणायला लावू नका, कारण ती मुलांना गाण्यासारखी पाठ असते. 'मो', 'कु', 'ती', 'लै' अशी विस्कटून विचारली की खरे काय येते ते कळते.

जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर अक्षरे लिहून पत्ते करावेत. घ-ध, भ-म, थ-य या जोड्या एकाच दिवशी शिकवू नयेत. 'घ' पुरता बसल्यावर आठवड्याने 'ध' घ्यावा. कापडावर खुणा करण्याचा खडू तुमच्याकडे असेलच, त्याने फरशीवर मोठे अक्षर काढून त्यावरून बोट फिरवू द्यावे.

जोडाक्षरांत 'र' सर्वांत अवघड असतो, आणि त्यात मुलाचा दोष नाही. 'कर्म' म्हणताना 'र' आधी उच्चारायचा, पण तो दिसतो मात्र 'म'च्या डोक्यावर. 'क्रम'मध्ये तोच 'क'च्या पोटात तिरकी रेघ होऊन बसतो आणि 'ट्रक'मध्ये पायाशी जातो. एवढी रूपे डोळ्यांना ओळखीची व्हायला वेळ लागतोच. आधी रफाराचेच पाच-सहा शब्द घ्यावेत: सूर्य, गर्दी, दर्या, वर्ग, मिसळीबरोबर येणारी 'तर्री'सुद्धा चालेल. वेळ दहा मिनिटे, तीही दिवसा. रात्री दमलेल्या मुलाला बसवू नये.

उत्तर (एक पालक, नाशिक)

आमची मुलगी दुसरीत असताना अशीच अडखळत होती. पुस्तकांवर आम्ही जवळजवळ काहीच खर्च केला नाही. बालभारतीची पहिली-दुसरीची पुस्तके संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात आणि १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंकही तिथे मिळतात. ते मात्र थोडे पुढच्या पातळीचे आहेत. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत, त्यांतल्या पहिल्या पातळीच्या घ्याव्यात.

आम्ही त्यातली गोष्ट वहीत मोठ्या अक्षरांत, चित्राविना, पानाला एक वाक्य अशी उतरवत होतो, त्यामुळे अंदाज बांधायला आधारच उरत नसे. एक वाक्य मी वाचायचे, मग दोघांनी मिळून, मग तिने एकटीने. आणि तीच गोष्ट चार दिवस. ती चुकली तर मी तिच्या बोटाजवळ माझे बोट ठेवून थांबत असे. 'चूक' हा शब्द उच्चारायचा नाही, असे आम्ही घरात ठरवले होते.

उत्तर (एक वाचक)

सरकारी रुग्णालयात त्याचे डोळे आणि कान एकदा तपासून घ्यावेत. काही महिने नियमित सराव करूनही अक्षरे टिकत नसतील, तर शाळेशी बोलून डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे. मूल आळशी आहे, असे तोपर्यंत कोणालाही म्हणू देऊ नये.

प्रश्नकर्ती

बाई, आज विस्कटून विचारले. अक्षरे बहुतेक ओळखली. 'ध' आणि 'थ' चुकले, आणि 'ए'च्या व 'ऐ'च्या मात्रेत फरक करता आला नाही. म्हणजे मी त्याला धड्यावर बसवत होते, तेव्हा तो मात्रांपाशीच अडला होता. उद्या 'के' आणि 'कै' एकत्र न घेता आधी फक्त 'के'चे पत्ते करते.