प्रति: फुलपाखराच्या पंखांवरची नक्षी ठरते कधी?
"कोशातून बाहेर आल्यावर पंख वाळताना रंग भरतात" हे वर आलंय, ते पटलं नाही. तेव्हा पंख फक्त ताणले जातात. रंग त्याआधीच, कोशात असताना पंखांवरच्या बारीक खवल्यांत उतरलेले असतात, आणि नक्षीचा आराखडा तर त्याच्याही आधीचा.

डोळ्यासारखे ठिपकेच घ्या. १९८० मध्ये जीवशास्त्रज्ञ फ्रेड नायहाउट यांनी कोवळ्या कोशात, जिथे ठिपका होणार होता त्याच्या मध्यातल्या मोजक्या पेशी उचलून पंखावर दुसरीकडे बसवल्या, तर ठिपका त्या नव्या जागी उमटला! वेळेत जाळून टाकल्या तर तो येतच नाही. म्हणजे या पेशी आजूबाजूला संदेश सोडतात आणि होणारे खवले त्यांच्यापासूनच्या अंतरानुसार रंग घेतात. एका खवल्याचा रंग साधारण एकच, त्यामुळे भिंगाखाली सगळं मोझेकसारखं दिसतं.