बदलापूर पश्चिम: रेरा नंबरच्या पुढे

‘रेरा नंबर आहे, मग अजून काय बघायचं?’ असं फ्लॅट घेताना विचारलं जातं. नंबर म्हणजे महारेराकडे (राज्याचं गृहनिर्माण नियामक प्राधिकरण) प्रकल्पाची नोंदणी झाली, एवढंच. उल्हास नदीच्या बाजूला फ्लॅट घेत असाल तर आधी पूररेषा बघा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. (२००५ आणि २०१९ चे पूर आठवा, म्हणजे या हिशेबावर किती विसंबायचं ते कळेल.) शेजारच्या जुन्या इमारतीच्या मीटर-रूममध्ये डोकवा. मीटर मुद्दाम वर चढवलेत आणि भिंतीवर गाळाची रेघ आहे? मग तळमजला विसरा. महारेराच्या साइटवर सीसी (बांधकाम सुरू करण्याचा परवाना) कितव्या मजल्यापर्यंत आहे तेही वाचा. सीसी पाचव्यापर्यंत आणि विक्री सातव्याची, असले प्रकार होतात. करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम मागणं कायद्यातच बसत नाही.