चालत्या ट्रकमध्ये स्वयंपाक: चोवीस व्होल्टचा कुकर, थर्मास की गॅस?

पीथमपूर_फेरी (इंदूर)
नमस्कार मंडळी. ट्रेलर पीथमपूरहून न्हावाशेव्याला जातो, ड्रायव्हर आणि क्लीनर अशा दोघांचं जेवण करायचं असतं. गाडी चालू असतानाच भात-खिचडी शिजावी, अशी सोय हवी आहे. इन्व्हर्टरवर इंडक्शन चालेल का? सिगारेट लायटरच्या सॉकेटवर कुकर लावता येतो का? आणि पाच किलोचं सिलिंडर केबिनमध्ये ठेवलं तर? जाणकारांनी सांगावं.

चोवीस_व्होल्ट
इंडक्शनचा विचार सोडा. १२०० वॉट म्हणजे २४ व्होल्टवर ५० अँपिअर, इन्व्हर्टरची घट धरली तर ६०च्या घरात. आकडा कमी केला तरी बहुतेक शेगड्या थांबून थांबून पुन्हा जोरातच ओढतात.

तुमच्या कामाचा आहे तो ट्रकसाठी मिळणारा २४ व्होल्टचा राइस कुकर, २०० ते ३०० वॉटचा. ३०० वॉटला साडेबारा अँपिअर लागतात. लायटरचं सॉकेट साधारण दहा अँपिअरपर्यंतचं असतं, म्हणून त्यावर लावलात तर फ्यूज उडतो. कुणी मोठा फ्यूज घातला की मग वायर तापते आणि डॅशबोर्डमागे प्लास्टिक वितळायला लागतं. आगी लागतात त्या अशा.

वेगळी लाइन ओढा. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरावरच २० अँपिअरचा फ्यूज, अर्थिंगची वायरही तेवढ्याच जाडीची. केबिन टिल्ट होते (इंजिनच्या कामासाठी पुढे झुकते) तिथे वायरला ढील ठेवा आणि मूळ हार्नेसच्या, म्हणजे गाडीच्या वायरांच्या जुडग्याच्या, बाजूनेच न्या, नाहीतर पहिल्याच टिल्टला ताणून तुटेल. इंदूरच्या देवास नाक्यावर कुठलाही ऑटो इलेक्ट्रिशियन हे काम करून देईल, पण फ्यूज कुठे बसवतोय ते उभं राहून बघा. तो केबिनमध्ये बसवला तर बॅटरीपासून केबिनपर्यंतच्या सगळ्या वायरला फ्यूजचं संरक्षणच राहत नाही.

कुकर इंजिन चालू असतानाच लावायचा. बंद गाडीत चाळीस मिनिटांना आठेक अँपिअर-तास जातात, दोन-तीनदा तसं केलं तर सकाळी सेल्फ (स्टार्टर) कुंथतो.

पीथमपूर_फेरी
दादा, बाजारात १२ व्होल्टचा कुकर स्वस्त मिळतोय. ट्रकच्या १२-१२ व्होल्टच्या दोनपैकी एकाच बॅटरीवरून घेतला तर?

चोवीस_व्होल्ट
अजिबात नको. दोन्ही बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीला पुढे दुसरी जोडून आहेत, अल्टरनेटर दोघींना सारखाच करंट देतो. एकीतून काढत राहिलात तर ती कायम अर्धवट राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उडवते. शेवटी दोन्ही जातात. आणि १२चा कुकर चुकून २४वर लागला तर चौपट वॉट ओढून जळतो.

रामबागकर
गॅसचं मी सांगतो, कारण यात चूक झाली तर दुसरी संधी नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो केबिनच्या तळाशी, सीटखाली साचतो. वर झोपलेल्याला वास येईपर्यंत उशीर झालेला असतो. शिवाय बंद केबिनमध्ये जळणारी शेगडी कार्बन मोनॉक्साइड करते, त्याला तर वासही नाही. आता नव्या बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची आहे, म्हणजे काचा आणखीच बंद राहणार. शेगडी चालत्या गाडीत नको, थांबलेल्या गाडीच्या केबिनमध्येही नको. लावायची तर बाहेर, रस्त्याच्या उलट बाजूला, डिझेलच्या टाकीपासून लांब. सिलिंडर बाहेरच्या जाळीच्या पेटीत, उभंच बांधलेलं. आडवं झालं की रेग्युलेटरमध्ये द्रव गॅस येतो.

दशमी_मेतकूट
विजेचं झालं, आता शिजवण्याचं.

दोघांना २०० ग्रॅम तांदूळ, ४०० मिलि पाणी, पस्तीस-चाळीस मिनिटं. भांडं निम्म्याच्या वर भरू नका, वळणावर हिंदकळून झाकणातून पेज येते. कुकर क्लीनरच्या पायाशी लाकडी खोक्यात पट्ट्याने बांधा, झाकण उघडायचं ते गाडी थांबल्यावरच. मानपूरचा घाट उतरून धामनोद लागलं की बटण दाबा, जुलवानियाच्या आत भात होतो. सेंधव्याला जेवून मगच बिजासन घाट. वाफेने समोरची काच धुरकट होते, क्लीनरच्या बाजूची काच बोटभर खाली ठेवा.

खिचडीला थर्मास जास्त चांगला. रुंद तोंडाचा, स्टीलचा, एक लिटरचा घ्या. १०० ग्रॅम तांदूळ, ५० ग्रॅम मुगाची डाळ अर्धा तास भिजवा. थर्मासमध्ये उकळतं पाणी पाच मिनिटं ठेवून ओतून टाका. डाळ-तांदूळ ७०० मिलि पाण्यात हळद-मीठ घालून पाच मिनिटं खळखळ उकळा आणि लगेच भरा. दोन तासांत मऊ होते. थर्मास गळ्यापर्यंत भरा, रिकामी जागा राहिली की उष्णता जाते आणि डाळ कचवट राहते. टोमॅटो, चिंच नंतर घाला, आंबटाने डाळ शिजत नाही.

राजमा मात्र थर्मासमध्ये कधीही नको. त्यातलं विष जायला भिजवून दहा मिनिटं तरी खळखळ उकळावं लागतं. अर्धवट गरम पाण्यात ते जात नाही, उलट्यांनी माणूस आडवा होतो.

रामबागकर
भाताचंही सांगा ना. उरलेला भात गरम केबिनमध्ये दोन तासांवर ठेवू नये. त्यातल्या जिवाणूंचे बीजाणू शिजवून मरत नाहीत, आणि त्यांचं विष पुन्हा गरम करून जात नाही. दुपारचा भात रात्रीला नको.

दशमी_मेतकूट
बरोबर, म्हणून रात्रीला घरच्या दशम्या. दुधात पीठ भिजवलेल्या, दोन्ही बाजूंनी कोरड्या भाजलेल्या, पूर्ण गार करून सुती फडक्यात. डब्यात गरम ठेवल्या की घाम सुटून दुसऱ्या दिवशी तार येते. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट. सकाळला भिजवलेले पोहे, कांदा, शेव आणि इंदूरच्या सियागंज बाजारातून आणलेलं जिरावन (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला). पोहे चाळणीत दोनदा पाण्याखाली धरायचे आणि पाच मिनिटं झाकायचे, वीज लागतच नाही. पाणी मात्र पिण्याच्या कॅनमधलंच घ्या, रेडिएटरच्या कॅनवर रंगाची खूण करून ठेवा.