नवं बिल्ड वेगळ्या बूट एन्व्हायर्नमेंटमध्ये तपासायचंय, पण मशीन एकच आहे

प्रश्न (परभणी)
नमस्कार. कृषी सेवा केंद्राच्या मागच्या खोलीत फ्रीबीएसडी 14 या ऑपरेटिंग सिस्टीमचं एकच मशीन आहे, झेडएफएस या फाईल सिस्टीमवर. बिलं, उधारी सगळं पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये. मला 15 चं बिल्ड तपासायचंय. दुसरं मशीन घेणं सध्या जमत नाही, आणि लाईटचा नेम नाही. बूट एन्व्हायर्नमेंट (बीई, म्हणजे सिस्टीमची वेगळी बूट होणारी प्रत) केलं की बिनघोर मागं येता येतं म्हणतात. तेवढ्यावर भागतं का?

उत्तर (लातूर)
भाऊ, सिस्टीम मागं येते. पण डेटाचं आधी बघा, मी त्यातच पोळलोय.

आमची सोयाबीनची आडत. रविवारी बाजार बंद बघून नवं बीई केलं, बूट झालं, सगळं नीट चाललं. सोमवारी मुनीमजींनी त्यावरच शेतकऱ्यांच्या पट्ट्या घातल्या. तीनच्या सुमारास लाईट गेली, यूपीएसही बसला. मशीन उठलं ते जुन्या बीईवर, कारण बीई निवडायच्या ‘बीईसीटीएल ॲक्टिव्हेट’ कमांडला मी ‘डॅश टी’ लावला होता, म्हणजे नवं बीई फक्त एका बूटपुरतं. मुनीमजी एकदा स्क्रीनकडं बघायचे, एकदा हातातल्या पट्टीबुकाकडं. बुकात सोमवारची शेवटची पट्टी, स्क्रीनवर शनिवारची.

डेटा कुठंच गेला नव्हता. नेहमीच्या मांडणीत होम आणि लॉगचे डेटासेट (झेडएफएसमधले स्वतंत्र कप्पे) वेगळे असतात, पण ‘व्हार’खालचं ‘डीबी’ फोल्डर मूळ डेटासेटमध्ये, म्हणजे बीईच्या पोटातच. पोस्टग्रेसचा डेटा तिथंच राहतो. बीई केलं तिथून त्याच्या दोन वाटा झाल्या. नवं बीई माउंट करून पट्ट्या काढल्या, पण तोवर शेतकरी पैशासाठी ताटकळले. ते मला अजून लागतं.

म्हणून आधी पोस्टग्रेस थांबवून त्याच्या फोल्डरपुरता वेगळा डेटासेट करा. अख्खं ‘डीबी’ बाहेर काढू नका, पॅकेजची नोंदवही तिथंच असते आणि ती बीईबरोबरच राहायला हवी. त्या डेटासेटचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची जतन केलेली स्थिती) घ्या, डेटाबेसचा डंप (फाईलमध्ये काढलेली प्रत) पेनड्राईव्हवर. चाचणीत पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती बदलू नका, नाहीतर जुन्या बीईतला पोस्टग्रेस तो डेटा उघडणार नाही.

मग बीई तयार करा, माउंट करा, बिल्ड त्यात बसवा आणि ‘डॅश टी’ लावूनच बूट करा. लाईट गेली तरी पुढचं बूट जुन्यावर येतं, आपल्या भागात याचा फार आधार आहे. आणि चाचणी चालू असताना त्यावर धंद्याच्या नोंदी घालू नका.

उत्तर (नांदेड)
दादांचं बरोबर. एक भर घालतो: नव्या बीईत ‘झेडपूल अपग्रेड’ करा असा संदेश दिसेल, पण करू नका. पूल (झेडएफएसची सगळी साठवण) दोन्ही बीईंचा एकच आहे, जुन्या सिस्टीमला तो नंतर उघडता येईलच असं नाही, आणि ते मागं फिरवता येत नाही. डिस्कच्या ईएफआय विभाजनातला लोडर, म्हणजे सिस्टीम सुरू करणारा प्रोग्राम, तोही बीईच्या बाहेर असतो. तो बदलायचा असेल तर जुन्याची प्रत ठेवा.

प्रश्नकर्ता (परभणी)
आत्ताच ‘झेडएफएस लिस्ट’ बघितलं, माझाही डेटा बीईच्या आतच आहे. आज रात्री दुकान बंद झालं की आधी तो बाहेर काढतो. बिल्ड रविवारी.