शब्दचर्चा : अक्षौहिणी नक्की किती? आणि ‘औ’ की ‘ओ’?

येळ्ळूर : आमच्याकडं सप्ताहात एका बुवांनी अक्षौहिणी (सैन्याचं जुनं माप) म्हणजे एकवीस हजार सांगितलं. दुसऱ्या दिवशीचे बुवा म्हणाले, दोन लाखांच्या वर. खरं कुठलं धरायचं ओ? शेजारचे कन्नड मास्तर तर ‘अक्षोहिणी’ म्हणायलेत.

खानापूर : दोन्ही बुवा बरोबर. रथ २१,८७० आणि हत्तीही तितकेच. घोडे तिप्पट, ६५,६१०. पायदळ पाचपट, १,०९,३५०. सगळं मिळून २,१८,७००. आता हा आकडा जमला कसा ते बघा. अमरकोशात १ रथ, १ हत्ती, ३ घोडे, ५ पायदळ यांची एक पत्ती (चहाची नव्हे), म्हणजे नग १०. तीन पत्तींचं सेनामुख, तीन सेनामुखांचा गुल्म, मग गण, वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी. दर पायरीला तिप्पट. सात वेळा तिप्पट झाली की २,१८७ पत्ती होतात. शेवटची पायरी तेवढी दहाची : दहा अनीकिनींची एक अक्षौहिणी. म्हणून २,१८,७०० मध्ये तीनाचा सातवा घात उघडा दिसतो, मागं नुसती दोन शून्यं.

निपाणी : वा! म्हणजे २,१८,७०० = २² × ३⁷ × ५². विभाजक ७२. एक ते दहापैकी फक्त ७ आणि ८ नं भाग जात नाही. भारती युद्धाच्या अठरा अक्षौहिणी धरल्या तर ३९,३६,६००. तिथं आठाचाही भाग जातो, अडतो एकटा सात. मला मात्र चमू आवडला. रथ ७२९, म्हणजे २७ चा वर्ग आणि ९ चा घनसुद्धा. आणि पेपरवाले लिहितात, ‘तिघा डॉक्टरांचा चमू रवाना’!

शहापूर, बेळगाव : वाहिनीचं काय मग? ८१ रथांची ती वाहिनी आता मराठीतही आणि कन्नडमध्येही टीव्हीवर दिसते. असो. अक्ष + ऊहिनी असा शब्द आहे. नेहमीच्या संधीनं अ + ऊ = ओ, म्हणजे मास्तरांचं ‘अक्षोहिणी’च व्हायला हवं होतं. पण पाणिनीच्या सूत्रावर खास या शब्दासाठी वार्तिक (सूत्राला जोडलेला पूरक नियम) आहे, इथं वृद्धी करा, म्हणजे ‘ओ’ऐवजी ‘औ’ करा म्हणून. त्यामुळं औ. ‘न’चा ‘ण’ झाला तो क्षमधल्या ‘ष’मुळं. बोलताना आपल्या मराठीतही कैकजण ‘ओ’च करतात, त्यात कन्नडचा दोष काही नाही. लिहिताना औ ठेवा.

येळ्ळूर : बुवांना सांगतो. पण सर, रथात योद्धा आणि सारथी दोघं असणार. मग माणसं जास्तच की?

खानापूर : जास्तच. वरचा हिशेब नगांचा आहे. स्वारासकट घोडा एक, तसा रथही एकच. सारथी आणि माहूत वेगळे मोजले तर एका पत्तीत १२ माणसं येतात. गुणा २१,८७० ला : २,६२,४४०.